बंद आहे, हात लावू नका

घरी अँप्लिफायर बनवणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "अहो, बंद केलाय ना? प्लगसुद्धा काढलाय. मग हात का लावत नाही?" खरं उत्तर दिलं तर ते यंत्र उद्या हॉलमधून माळ्यावर जाईल, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो "जरा थंड होऊ दे" असं काहीतरी पुटपुटतो आणि ड्रॉवरमध्ये मल्टिमीटर शोधायला लागतो.

सगळा घोळ आतल्या दोन डब्यांचा, म्हणजे कपॅसिटरांचा. भिंतीतली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. डायोडच्या ब्रिजमधून बाहेर पडली की त्याचे १०० उंचवटे होतात, आणि ते तसेच पुढे गेले तर गवई तोंड उघडायच्या आधी स्पीकरच घूंऽऽ करतो. दोन उंचवट्यांमधला खड्डा दर १० मिलिसेकंदांनी बुजवायचा, हे कपॅसिटरचं काम. माझ्यासारख्या हॉलपुरत्या अँप्लिफायरला ४७०० मायक्रोफॅरडमध्ये भागतं. पण पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भागण्यापुरतं घेऊन परतलेला हौशी मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. काउंटरवर १०,००० चा डबा दिसतो, त्यामागे २२,००० चा दिसतो, आणि दुकानदार शांतपणे म्हणतो, "बेस खुलतो, साहेब."

चोवीस-शून्य-चोवीसचा ट्रान्सफॉर्मर लावला की प्रत्येक डब्यावर साधारण ३३ व्होल्ट चढतात. दोन्ही टोकं मिळून ६६. दहा हजारवाल्या जोडीत मिळून ११ ज्यूल ऊर्जा भरते. म्हणजे किती? किलोभर साखर जमिनीवरून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायला लागते त्याहून थोडी जास्त. ऐकणाऱ्याला हसू येतं. पण ही साखर ओट्यावर ठेवायला आपण सेकंदभर तरी घेतो. डब्याच्या दोन टोकांवर धातू आडवा पडला, की तो हाच हिशेब सेकंदाच्या लहानशा तुकड्यात मिटवतो. मग तो धातू बोटातली अंगठी का असेना.

डबे रिकामे करण्याच्या बाबतीत आमच्यात पंथ आहेत. सर्वांत जुना स्क्रूड्रायव्हर पंथ. दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, फाट् आवाज, निळी ठिणगी, आणि प्रेक्षकांकडे एक कटाक्ष. या पंथातले लोक टोकाला खड्डे पडलेला स्क्रूड्रायव्हर जपून ठेवतात आणि पाहुण्यांना दाखवतात. कपॅसिटरच्या आतल्या जोडांवर या प्रकाराने काय गुजरते, हे मात्र कोणी दाखवत नाही.

दुसरा बल्ब पंथ. शंभर वॉटच्या बल्बला दोन वायरी जोडून त्या टोकांना लावायच्या. बल्ब क्षणभर उजळतो आणि विझतो. देखणी पद्धत, पण एलईडीच्या राज्यात तारेचा बल्ब मिळवणं हेच एक काम होऊन बसलं आहे.

मी तिसऱ्या, अत्यंत कंटाळवाण्या पंथाचा. एक किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टर, त्याला इन्सुलेशनवाल्या क्रोकोडाइल क्लिपा. एका डब्याला लावला की १० सेकंदांत ३३ चे १२ व्होल्ट, ५० सेकंदांत पाव व्होल्टाच्याही खाली. ठिणगी नाही, आवाज नाही, प्रेक्षक तर मुळीच नाहीत.

यातली गंमत अशी, की धडधाकट अँप्लिफायरला यातलं काहीच फारसं लागत नाही. प्लग काढल्यावरही गाणं दोन-तीन सेकंद चालतं, मग घोगरं होत मरतं. डबे त्या गाण्यातच बरेचसे रिकामे झालेले असतात. भीती असते ती बिघडलेल्याची. सप्लायच्या वाटेवरचा फ्यूज उडाला, की पुढे चार्ज पिणारं कोणी उरत नाही आणि डबे भरलेलेच बसून राहतात. म्हणजे ज्या दिवशी झाकण उघडावं लागतं, नेमका तोच दिवस. आणि वाल्व्हवाल्या अँप्लिफायरला तर ४०० व्होल्ट असतात. तिथे विनोद आवरता घ्यावा, दुसरा हात खिशात ठेवावा आणि आधी मीटर लावावा.

मोठ्यांनाही हे चुकलं नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७५० च्या नाताळच्या सुमारास दोन मोठ्या लेडन बरण्यांच्या, म्हणजे त्या काळच्या कपॅसिटरच्या, झटक्याने टर्की मारायचा बेत केला आणि झटका स्वतःच खाल्ला. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने कारणही नोंदवलं आहे: जमलेली मंडळी बोलत होती, त्यामुळे लक्ष विचलित झालं असावं. हे मी घरी वाचून दाखवलं. उपयोग झाला नाही.

"आता झालं का रिकामं?" बायकोने विचारलं.

मीटरवर शून्य होतं. मी क्लिपा काढल्या. आम्ही चहा घेतला. पुन्हा मीटर लावला तर दीड व्होल्ट. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधल्या थरात थोडा चार्ज मुरून राहतो आणि सवडीने बाहेर येतो. म्हणून क्लिपा काम संपेपर्यंत काढायच्याच नसतात, हे मी तिला समजावून सांगितलं.

"मग तो रेझिस्टर आतच कायमचा का नाही बसवत?"

"बसवतात. ब्लीडर म्हणतात."

"केवढ्याला येतो?"

"असेल पाच-दहा रुपयांना."

"आणि हे दोन डबे केवढ्याला आणले?"

मी पुन्हा क्लिपा लावल्या. "थांब," म्हटलं, "अजून थोडा चार्ज आहे."