पाय दाखवण्याचा कार्यक्रम

अंगठ्याच्या मुळाशी वाढलेल्या हाडाचं ऑपरेशन ठरलं आणि जन्मभर चपलेत राहिलेल्या माझ्या उजव्या पायाला घरात एकदम मान आला. पूर्वी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम असे, तसा हा पाय दाखवण्याचा कार्यक्रम. फरक इतकाच की तिथे नटवत, इथे होतं नव्हतं ते सगळं उतरवतात.

सर्जनसमोर पाय जरा बरा दिसावा म्हणून धाकट्या बहिणीने गर्द निळं नेलपॉलिश लावून दिलं होतं. सिस्टरांनी ते एका नजरेत नापास केलं. "हाताचंही काढा," म्हणाल्या. बोटाला लावतात तो चिमटा नखातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजतो; गर्द रंगाने आकडा चुकू शकतो. शिवाय ऑपरेशननंतर बँडेजबाहेर डोकावतात ती फक्त बोटं. ती गुलाबी की निळी, यावरून रक्त पोचतंय का ते बघायचं. आमची तर आधीच निळी!

मग जोडवी. "नवरा धडधाकट असताना?" सासूबाई कडाडल्या. धडधाकट नवरा पेपरामागे गेला. डॉक्टरांनी त्यांना समजावलं : बोट सुजलं की जोडवं रुततं, आणि रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणामुळे धातूपाशी चटका बसू शकतो. चटका ऐकून त्यांनी स्वतःच साबण आणला.

नवऱ्याने मोठ्या मनाने आपला रेझर पुढे केला. त्यालाही मनाई. रेझरने कातडीवर बारीक चिरा पडतात, जंतूंना तेवढी वाट पुरते. केस काढायचेच असले तर हॉस्पिटलवाले ट्रिमरने काढतात. शेजारच्या काकूंचं भेगांवरचं कोकमतेलही त्या दिवशी बाद. पाय धुऊन कोरडा हवा. नखं सरळ कापायची, कोपऱ्यांत कोरीवकाम नाही.

राहता राहिल्या बोटांच्या बेचक्यातल्या पावसाळी चिखल्या. "त्या कशाला सांगतेस, तारीख पुढे जाईल," असा घरचा एकमुखी ठराव झाला. मी सांगितल्या, तारीख पुढे गेली.

तेव्हा पायाचं ऑपरेशन ठरलेल्यांनो, आठवडाभर आधी चष्मा लावून आपले तळवे, टाचा, बेचकी बघा. भेग, चिखली, जखम, काही म्हणजे काही लपवू नका. तारीख चुकली तर थोडे दिवस लंगडावं लागतं. हाडाशी जंतू गेले तर महिनोन्‌महिने.