स्वस्तातली शिकार

अमेरिकेत तीनशे किलोंच्या घरातलं एल्क हरीण मारायला थर्टी-ओ-सिक्स रायफल बरी की टू-सेव्हन्टी, आणि त्यातली स्वस्त कुठली, यावर पिढ्यान्पिढ्या डोकी फुटतात. लालबागकराला हा त्रास नाही. लष्करी काडतुसाची थ्री-नॉट-थ्री सामान्य माणसाला वर्ज्य, म्हणून सरकारी कारखान्याची पॉइंट ३१५ घ्यायची. बंदूक ठरली, काडतूस ठरलं. राहिलं सांबर, ते १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रद्द. केवढी बचत!

तरीही गावी रानडुकरं शेतात शिरतात म्हणून एखादा चाकरमानी वडिलांचा पीकसंरक्षणाचा परवाना आपल्या नावावर करायला धावतोच. मग बंदूक कोकणात, मालक परळच्या लोकलमध्ये, डुक्कर भातात. निवडणूक लागली की आचारसंहितेपायी बंदूक अनेकदा पोलीस ठाण्यात जमा. आणि निवडणुका तर ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत लागतच असतात. डुकरांना वेळापत्रक बहुधा पाठ असावं.

बंदूक मुंबईलाच आणून ठेवावी म्हटलं, तर दहा बाय बाराच्या खोलीतल्या माळ्यावर गणपतीचं मखर आहे, आणि आई ते हलवू देत नाही.