‘कसा वाटला?’ : सिनेमा पाहणाऱ्यांसाठी उत्तरपद्धती

सिनेमा पाहणे सोपे असते. अंधारात बसायचे आणि समोर बघायचे. खरी परीक्षा नंतर सुरू होते. ऑफिसात, जिन्यात, भिशीत, लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी ‘‘कसा वाटला?’’ असे विचारतेच, आणि ‘‘बरा होता’’ हे उत्तर महाराष्ट्रात उत्तर म्हणून धरले जात नाही. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह मिळून चित्रपट रसास्वादाचा महिनाभराचा वर्ग वर्षानुवर्षे घेत आले आहेत. ज्यांना महिनाभर रजा मिळत नाही, त्यांच्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शन आहे. यात रस नाही, आस्वादही नाही. फक्त मत आहे.

प्रथम वेळेविषयी. मल्टिप्लेक्समधून निघाल्यावर लिफ्ट तळघरातल्या पार्किंगला टेकायच्या आत मत तयार हवे. लिफ्टमध्ये सगळे गप्प असतात आणि मजल्यांच्या आकड्यांकडे बघत असतात. ही शांतता चिंतनाची नसते. पहिले कोण तोंड उघडतो, याची वाट पाहणे चालू असते. नवशिक्याने कधीही पहिले बोलू नये. जो बोलेल त्याच्या उलट बोलावे, हा सर्वांत निर्धोक मार्ग. तो म्हणाला ‘‘जबरदस्त!’’, तर आपण ‘‘चांगला आहे, पण...’’ म्हणावे आणि ‘पण’वर थांबावे. पुढचे वाक्य समोरचाच पूर्ण करतो. तो म्हणाला ‘‘फालतू’’, तर ‘‘असं नाही हां, फोटोग्राफी बघा ना’’ म्हणावे. फोटोग्राफी अडीअडचणीला फार उपयोगी पडते. कोकणात, सह्याद्रीत किंवा भर पावसात चित्रित झालेल्या सिनेमाची फोटोग्राफी छान असतेच. तिथे कॅमेरा नुसता चालू ठेवला तरी भागते, असा समज आहे आणि तो कॅमेरामन सोडून सर्वांना मान्य आहे.

दुसरे हुकमी मत : ‘‘फर्स्ट हाफ मस्त आहे, सेकंड हाफ ताणलाय.’’ याचे कारण सिनेमात शोधत बसू नये. मध्यंतरापर्यंत हातात पॉपकॉर्न असते आणि मध्यंतरानंतर त्याची किंमत आठवत राहते. हे मत घरी पाहिलेल्या सिनेमालाही बिनदिक्कत लावता येते. ‘द डिसायपल’ २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, त्याला मध्यंतर नाही. तरी ‘‘सेकंड हाफमध्ये जरा ढेपाळतो’’ हे ऐकायला मिळालेच. सेकंड हाफ नेमका कुठे सुरू झाला, असे विचारल्यावर ‘‘आम्ही जेवून परत बसलो तिथे’’ असा खुलासा झाला. त्यात खोटे काही नाही. पोटभर जेवल्यावर शास्त्रीय संगीताच्या साधकाची घालमेल कोणालाही जड जाणारच.

आता घरच्या सिनेमाकडे नीट वळू, कारण हल्ली बहुतेक मते तिथेच तयार होतात. नमुन्यासाठी ‘कोर्ट’ घ्या. चैतन्य ताम्हाणेंच्या या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, २०१५ मध्ये तो भारतातर्फे ऑस्करलाही गेला, एवढी माहिती कुठून तरी कानावर येते आणि एका रविवारी संध्याकाळी तो घरात लावला जातो. बाबा सोफ्यावर, आजी खुर्चीत, वहिनी खाली बसून मेथी निवडते आहे, चिरंजीवांच्या एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातात फोन.

‘‘हा हिरो का रे?’’

‘‘नाही आजी, हा वकील.’’

‘‘मग हिरो कधी येणारे?’’

‘‘यात हिरो नाहीये.’’

‘‘मग ऑस्करला कोणाला पाठवलं?’’

पंधराव्या मिनिटाला बाबांचा डोळा लागतो. त्यांनी ‘‘मी ऐकतोय’’ म्हटले की ते झोपले असे समजावे. एकदा सिनेमा थांबवला जातो, कारण इस्त्रीवाला आला आहे. एकदा कुकरसाठी. मग सरकारी वकील बाई कोर्टातून सुटतात, लोकलने निघतात, मुलाला घेऊन घरी पोचतात आणि स्वयंपाकाला लागतात, तेव्हा वहिनीचा मेथीवरचा हात थांबतो. ती म्हणते, ‘‘हे बरोबर दाखवलंय. आल्या आल्या ओट्यापाशीच.’’ त्या संध्याकाळी त्या घरात सिनेमाविषयी झालेले हे एकमेव खरे मत. पण ‘मत’ म्हणून ते कुठे नोंदले जात नाही, कारण ते विचारल्यावाचून आले आणि लगेच पुढच्या जुडीखाली गेले.

शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते. माणसे निघून जातात, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो आणि काळाच राहतो. थिएटरात या अंधाराचे काय करायचे ते ज्याच्या त्याच्यावर सोपवलेले असते. घरी उपाय असतो. ‘‘वायफाय गेलं वाटतं,’’ असे म्हणत चिरंजीव उठून राउटर बंद करून पुन्हा चालू करतात. आजी ‘‘संपला एकदाचा’’ म्हणून पाने घ्यायला सांगतात. आता गंमत अशी की सिनेमा संपलेला नसतो. त्या अंधारानंतर न्यायाधीशसाहेब गोतावळ्यासह सहलीला गेलेले दिसतात, बाकावर बसल्या बसल्या डुलकी काढतात आणि झोपमोड करणाऱ्या पोरांपैकी एकाला थोबाडीत ठेवून देतात. अख्खा खटला त्या एका थोबाडीपाशी येऊन थांबतो. आपल्या घरात तोवर आमटी वाढून झालेली असते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चिरंजीवांचे मत : ‘‘चांगला आहे, पण शेवट अर्धवट सोडलाय.’’

‘सैराट’चेही तेच. २०१६ च्या उन्हाळ्यात ‘झिंगाट’ लागले की लोक पडद्यासमोर जाऊन नाचत होते, आणि त्याच लोकांपुढे नागराज मंजुळेंनी शेवटच्या प्रसंगात आवाज काढून घेतला. तेव्हा थिएटरात जे झाले ते तिथे असलेल्यांना विचारा. घरात काय होते ते सांगतो. ‘‘अरे, आवाज वाढव.’’ वाढवला. ‘‘अजून वाढव, काही ऐकू येत नाहीये.’’ शंभरावर नेला. नावे संपता संपता पुढची कसली तरी झलक आपोआप सुरू होते, ती शंभराच्या आवाजात, आणि खालच्या मजल्यावरून फोन येतो.

त्यामुळे घरी पाहिलेल्या सिनेमावर मत देताना सुरुवातीलाच ‘‘एका बैठकीत संपवला’’ असे सांगून टाकावे. किती उठाबशांची बैठक, हे विचारायची आपल्यात रीत नाही. दीडपट वेगाने पाहिलेल्या सिनेमाला ‘संथ’ म्हणू नये असा संकेत आहे. तो कोणी पाळत नाही.

यापुढचा टप्पा प्रगत विद्यार्थ्यांसाठी. समोरच्याने कोणत्याही सिनेमाचे कौतुक केले की शांतपणे विचारावे, ‘‘तुम्ही मल्याळम बघता का?’’ बस्स. चर्चा संपते. समोरच्याने ‘दृश्यम’चे नाव काढले, तर ‘‘मूळचा बघा, मोहनलालचा’’ म्हणावे. मात्र समोरचा तयारीचा निघाला, तर अडचण आहे. तो म्हणेल, ‘‘मल्याळम २०१३ चा, मान्य. पण २०१५ चा हिंदी आपल्या निशिकांत कामतांनी केला, आणि त्यांचा ‘डोंबिवली फास्ट’ त्यांनीच तमिळमध्ये नेला होता. म्हणजे दक्षिणेलाही आपल्याकडून मिळतं.’’ अशा वेळी डगमगू नये. ‘‘ते खरं, पण मल्याळमची बातच वेगळी’’ एवढे म्हणून चहाकडे वळावे. मल्याळम सिनेमा खरोखरच चांगला असतो, ही या मताची मोठी ताकद आहे. त्यामुळे ते देणाऱ्याने एखादा पाहिलेला असण्याची गरज उरत नाही.

मूळ कादंबरीचा किंवा नाटकाचा आधार असलेल्या सिनेमांबाबत आपल्याकडे सोय आधीपासूनच आहे. ‘छावा’ पाहून आल्यावर ‘‘शिवाजी सावंत वाचलेत का?’’ हा प्रश्न टाकावा. पुस्तक कपाटात असले तरी पुरे, ते कपाट दर्शनी असावे. ‘नटसम्राट’ला मात्र वयाचा हिशोब आधी करून ठेवावा. नाना पाटेकरांचा सिनेमा २०१६ चा आणि डॉ. लागूंचे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले. तेव्हा ‘‘आम्ही लागूंना पाहिलंय’’ म्हणण्यापूर्वी आपण तेव्हा जन्मलो होतो का, हे जन्मतारखेवरून ताडून बघावे. शिवाय कोणी खवचट ज्येष्ठ नागरिक ‘‘लागूंचा पाहिलास, का दत्ता भटांचा, का सतीश दुभाषींचा?’’ असे विचारण्याचा धोका राहतोच. तसे झाल्यास ‘‘बाबा न्यायचे, लहान होतो’’ म्हणून नजर खाली करावी. नाटकाच्या बाबतीत हळवेपणाला माफी आहे.

ऐतिहासिक सिनेमांत वेळ वाया घालवू नये. तिथे मत द्यायला सिनेमा लागत नाही, झलक पुरते. ‘छावा’ची झलक जानेवारी २०२५ मध्ये आली, तिच्यातल्या लेझीमवरून वाद पेटला आणि सिनेमा पडद्यावर येण्याआधीच ते दृश्य काढून टाकायचे ठरले. इतर सिनेमांच्या प्रेक्षकांना एवढी कार्यक्षमता अजून साधलेली नाही.

तारे देण्याविषयी एका ओळीत सांगायचे, तर पाचपैकी साडेतीन द्यावेत. यावर कोणीही भांडत नाही.

न पाहता मत देणे ही या शास्त्राची सर्वोच्च पायरी. तिचे प्रात्यक्षिक २०२३ च्या पावसाळ्यात घरोघरी झाले. ‘बाईपण भारी देवा’ला बायका घोळक्याने गेल्या; कोणी नऊवाऱ्या नेसून, कोणी गॉगल लावून, आणि थिएटरच्या पायऱ्यांवर फोटो काढल्याशिवाय कोणी परतले नाही. घरी थांबलेल्या पुरुषमंडळींनी जेवण गरम करता करता निकाल दिला : ‘‘टिपिकल असणार. रडारड.’’ मंडळाच्या बायका यावर वाद घालत बसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या नणंदेला आणि व्याहिणीला घेऊन पुन्हा गेल्या. समीक्षेच्या या पद्धतीपुढे आमच्या मार्गदर्शनाचा टिकाव लागत नाही, म्हणून तिचा अभ्यासक्रमात समावेश केलेला नाही.

राहता राहिले सर्वांत भारदस्त मत : ‘‘मराठी सिनेमाला थिएटर मिळत नाही हो.’’ हे कुठेही, कधीही देता येते आणि पूर्णपणे खोटे कधीच नसते. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला, म्हणजे संध्याकाळी सहा ते नऊच्या वेळेत दाखवणे बंधनकारक केल्याचे जाहीर केले. गदारोळ झाला, आणि मग प्राइम टाइम दुपारी बारा ते रात्री नऊ असा सैलावला. दुपारी सव्वाबारा ही प्राइम टाइमची वेळ कशी, हे नोकरदार माणसाला कोणी समजावून सांगितलेले नाही. ‘साबर बोंडं’ने २०२५ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले आणि सप्टेंबरमध्ये तो इथे लागला. आमच्या सोसायटीतल्या काकांना तेव्हा हा अन्याय फारच झोंबला होता. ‘‘जगात कौतुक आणि इथे शो किती? चार!’’ ते जिन्यात उभे राहून सांगत होते.

‘‘काका, तुम्ही कधी जाताय?’’

‘‘मी? येईल की दोन महिन्यांत मोबाइलवर.’’

काकांचे मत निर्दोष आहे आणि ते वरील सर्व नियमांत बसते. त्याच सप्टेंबरात ‘दशावतार’ मात्र लोकांनी जाऊन पाहिला. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्यात ज्या ताकदीने उभे राहिले, ते बघायला कोकणातल्याच नव्हे, ठाण्या-डोंबिवलीतल्या लोकांनीही तिकिटे काढली. तिथे शो मिळत गेले.

वाचकांना म्हणून एकच विनंती. मराठी सिनेमाला दुसऱ्या आठवड्यात किती खेळ द्यायचे, हे पहिल्या शुक्रवार ते रविवारच्या तिकिटांवर ठरते. तेव्हा तिकीट रविवारच्या आत काढा. मत सवडीने द्या, त्याला मुदत नाही.