श्वाननिद्रा आणि दुपारचे दोन

नीटची परीक्षा दुपारी 2 ते 5 घ्यावी, असं ज्याला सुचलं तो माणूस पुण्याचा नसणार, एवढं नक्की. पुणेकराने ती सकाळी उरकली असती, नाहीतर सरळ चारनंतर ठेवली असती. मे महिन्यातला रविवार, दीड वाजता फाटक बंद, आणि अर्धा महाराष्ट्र डाव्या कुशीवर वळतो नेमक्या त्या घटकेला लेकरांनी ओएमआरचे गोल काळे करत बसायचं. 2025 साली 180 मिनिटांत 180 प्रश्न होते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. म्हणजे एका मिनिटाच्या डुलकीचा भावसुद्धा ठरलेला.

या सुस्तीचं खापर आपण जेवणावर फोडतो. "आज भात नको हं, झोप येईल." भाताचा गुन्हा एवढा मोठा नाही. जेवण टाळलं तरी दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीराचं घड्याळ आपसूक मंदावतं. रात्रीची झोप झालेली नसेल तर जास्तच. भात फार तर साथीदार.

आणि रात्रीची झोप कुठून होणार? या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वर्दी देणारं संप्रेरक, मोठ्यांपेक्षा उशिरा पाझरतं. पोराचा अकराला डोळा लागत नाही, यात त्याचा दोष नाही. पण पाचचा गजर लावलेला असतोच, आणि तो पोराआधी आईला ऐकू येतो.

जुन्या सुभाषिताने विद्यार्थ्याची पाच लक्षणं सांगून ठेवली आहेत. त्यातली दोन लातूरला क्लास लावला की आपोआप जमतात. गृहत्याग होतोच, आणि मेसची आमटी पाहून अल्पाहारही साधतो. घोडं अडतं ते कुत्र्यावर. श्वाननिद्रा म्हणजे सावध, तुटक झोप, असं आपण पिढ्यान् पिढ्या मुलांना ऐकवत आलो. सुभाषितकाराने कुत्रं रात्री भुंकताना पाहिलं असावं. मे महिन्यात दुपारी चहाच्या टपरीखाली पाहिलेलं दिसत नाही. चारी पाय ताणून, जीभ बाहेर, शेपटीवरून सायकल जायची वेळ आली तरी ढिम्म. दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ हा प्राणी झोपेत काढतो. त्याचा आदर्श खरोखरच पाळला, तर पोरांचं भलंच होईल.

कारण वाचलेलं डोक्यात मुरतं ते झोपेत. 1924 साली अमेरिकेत जेंकिन्स आणि डॅलनबाख या दोघांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरगट पाठ करून घेतले. पाठ करून झोपलं की ते जास्त लक्षात राहत. तेवढाच वेळ जागं राहिलं की बरेचसे पुसले जात. ही गोष्ट शंभर वर्षं जुनी झाली, तरी आपल्याकडे "परीक्षेच्या आदल्या रात्री गाढ झोपला" हे वाक्य अजून तक्रारीच्याच सुरात ऐकू येतं.

आणखी एक हिशोब मला फार आवडतो. सलग 24 तास जागलेल्या माणसाचं भान साधारण रक्तात 0.10 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं ढळतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 टक्के. एवढ्या अवस्थेतला माणूस नाक्यावर सापडला तर पोलीस गाडी अडवतील. रात्रभर जागलेल्या पोराच्या हातावर मात्र आपण दही-साखर ठेवतो आणि म्हणतो, "शांतपणे सोडव."

मग ते आत जातं. त्र्याहत्तराव्या प्रश्नाचं उत्तर चौऱ्याहत्तरच्या रांगेत भरतं, आणि पुढची सगळी रांग एका घराने सरकते. बाहेर कडुलिंबाखाली वडील मंडळींनी वर्तमानपत्रं अंथरलेली असतात. अडीचच्या आत त्यातली निम्मी घोरू लागतात. एखाद्याच्या पोटावर पोराची फाईल असते, ती श्वासाबरोबर वर-खाली होते. निसर्गाचं वेळापत्रक पाळतात ते एवढेच.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आत भरवू नयेत. पोरांची झोप व्हायला हवी. चांगलं केलं. पण चौथीतलं पोर निदान नऊच्या सुमारास आडवं तरी होतं. खरी गरज बारावीला आहे, आणि तिथे क्लासची पहिली बॅच पहाटेच सुरू होते.

तेव्हा परीक्षेची वेळ बदलेपर्यंत पालकांना एवढीच विनंती: शेवटचा महिनाभर सराव परीक्षा दुपारी दोनलाच द्यायला लावा, आणि आदल्या रात्री दहाच्या पुढे पोराच्या खोलीत दूध, बदाम किंवा सल्ला घेऊन जाऊ नका.