ऐकलंत का? आता म्हणे काडतूसही घरीच भरायचं!

कलियुग हो, दुसरं काय! बेळगावजवळच्या ज्या येळ्ळुरात कुस्त्यांचं महाराष्ट्र मैदान भरलं की आजूबाजूच्या गावांची माणसं आखाड्याभोवती दाटीवाटीनं बसतात, त्या गावात हल्ली कट्ट्यावर विषय कसला निघावा? तर रायफलचं काडतूस स्वस्तात कसं पडेल! जवळच्याच राजहंसगडावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचं मार्च 2023 मध्ये एकाच आठवड्यात दोनदा अनावरण झालं, एकदा एका पक्षाकडून, एकदा दुसऱ्याकडून. तेव्हाही माणसं इतकी हमरीतुमरीवर आली नव्हती.

हे नेमबाजीचं खूळ आलं कुठून? शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यातून. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसात 50 मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांत, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं नेम धरून, 451.4 गुणांवर त्यानं कांस्यपदक उचललं. खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य मिळवलं ते 1952 साली. त्यानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या पोराला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळालं, आणि तेही लाल मातीत नाही, तर पालथं पडून! पालथं पडून जिंकायचं? तालमीतल्या वस्तादांनी हे कसं पचवलं असेल, त्यांचं त्यांना ठाऊक.

तेव्हापासून पोरं हातात काठी धरतात ती खांद्याला लावूनच. आयांचा जीव टांगणीला. "बदाम-तूप परवडलं की गं बाई, खरं ह्या गोळ्यांचा खुराक कुणी पुरवायचा?" प्रश्न रास्त आहे. पैलवानाचा खुराक अंगी तरी लागतो. इथं एकदा चाप ओढला की पैसे गेले. कुसाळेंच्या वडिलांनी लेकाच्या काडतुसांसाठी कर्ज काढल्याचं सगळ्यांनी वाचलंय. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, त्यामागंही वडिलांची उसनवारी होती. खाशाबांच्या वेळी तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. आपल्या भागात पदकाआधी घरात सावकार येतो, ही परंपराच म्हणायची!

मग कुणीतरी पुडी सोडली. अमेरिकेत म्हणे लोक घरातच काडतुसं भरतात. उडालेलं पितळी टरफल वेचून आणायचं, घासूनपुसून मापात बसवायचं, बुडाला ठिणगीची नवी टोपी, पोटात तोलून दारू आणि तोंडाशी गोळी. निम्म्या खर्चात काम! झालं, कट्टा पेटला. एक जण म्हणतो, "आपल्याकडं गॅस शेगडी दुरुस्त होते, चप्पल शिवून मिळते, मग काडतूस का नाही?" दुसऱ्यानं टरफलांच्या भावाची चौकशीसुद्धा केली म्हणे. भंगारवाल्याकडं!

आता ह्या हौशी मंडळींना कुणी सांगावं की कुसाळे ज्या .22 च्या काडतुसानं खेळतो, त्यात हा खटाटोप चालतच नाही. त्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला टरफलाच्या कडेतच भरलेला असतो. घोड्याचा ठोका बसला की ती कड चेपते, संपलं. नवी टोपी बसवायला जागाच नाही. दुसऱ्यांदा भरता येतात ती मधोमध टोपी असलेली मोठी काडतुसं, आणि ती ह्या खेळाची नव्हेत. म्हणजे अख्ख्या कट्ट्यानं महिनाभर ज्या बचतीचा हिशेब मांडला, ती बचत मुळात अस्तित्वातच नाही!

आणि कायदा? 1959 चा शस्त्र कायदा म्हणतो, परवान्याशिवाय दारूगोळा बनवायचा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर ह्या गुन्ह्याला किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. पाच-पन्नास रुपये वाचवायला गेलेला माणूस थेट हिंडलग्याच्या तुरुंगात! तिथं राहणं-खाणं फुकट, तेवढीच काय ती बचत.

ह्यावर म्हातारी मंडळी मिश्या पिळून हसतात. "आमच्या ठासणीला काय दुकानातलं काडतूस लागत होतं काय रे? दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे सोडायचे, गजानं ठासायचं." खरंय आजोबा. खरं त्या बंदुकीला परवाना लागतो आणि निवडणूक लागली की ती बहुधा ठाण्यात जमा करावी लागते. राहिली शिकार. ती वन्यजीव कायद्यानं बंद आहे, आणि तो 1972 चा कायदा येऊनही अर्धशतक उलटलं. भातात डुक्कर शिरलं तर वनखात्याकडं अर्ज करायचा. सशाच्या रश्श्याच्या गोष्टी नातवंडांना जरूर सांगा, दाखवायला मात्र जाऊ नका.

मग पोरांनी करायचं काय? चार शहाणी पोरं ह्या गोंधळात न पडता हवेच्या रायफलकडं वळतात. 4.5 मिलिमीटर नळीची, 20 ज्यूलच्या आतल्या ताकदीची असेल तर तिला शस्त्र परवाना लागत नाही. छर्रे शिशाचे, .22 च्या काडतुसापेक्षा कितीतरी स्वस्त. आणि लक्ष्य? 10 मीटरवर कागद, त्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीचा दाणासुद्धा त्याहून मोठा! रानात डुकरामागं पळण्यात मर्दुमकी मानणाऱ्यांनी एकदा श्वास धरून ह्या ठिपक्यावर नेम लावून बघावा. हात कसा लटलटतो ते कळेल.

त्यात खरी मेख अशी, की मोठमोठे नेमबाजही सरावाचा भलामोठा वाटा कोराच करतात. रायफल रिकामी, समोर भिंतीवर ठिपका, उभं राहायचं, श्वास थांबवायचा, चाप दाबायचा. आवाज फक्त टिक. खर्च शून्य. पण तासभर नुसतं उभं राहायला जो दम लागतो, तो कट्ट्यावर बसून येत नाही, आणि म्हणूनच ह्या बचतीची चर्चा कुणी करत नाही!

तेव्हा मंडळी, निकाल साधा आहे. टरफलं भंगारवाल्याकडंच राहू द्या. पोराला एखाद्या रीतसर रेंजवर, शिकवणाऱ्याच्या हाताखाली घाला. आणि घरात कुणी दारूचा डबा नि तराजू घेऊन बसलेला दिसला, तर त्याला आधी वकिलाची फी विचारून यायला सांगा.