भाऊ येणार, लोण चढणार!

धान निघालं, चुरणं आटोपलं, आणि गावोगावच्या मंडळांना एकदम आठवलं की आपल्याकडं कबड्डीचा संघसुद्धा आहे. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीपासून आरमोरी-चामोर्शीपर्यंत, हे दिवस भलतेच गर्दीचे. एका रात्री मंडई, दुसऱ्या रात्री नाटक, तिसऱ्या रात्री हॅलोजनच्या उजेडात कबड्डी. या धामधुमीत आमच्या मंडळाची तातडीची बैठक बसली. विषय एकच: गेल्या साली आपला संघ पहिल्याच फेरीत का आपटला?

कारणं पुष्कळ निघाली. पोरं सरावाला येत नाहीत. मैदानावर कुणीतरी तणसीचा ढीग घालून ठेवलाय. पकडीतले दोन मुख्य गडी धुऱ्याच्या भांडणामुळं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळं साखळी धरताना दोघांत एक हात अंतर राहतं आणि समोरचा गडी त्यातून आरामात निघून जातो. यातलं काहीच इतिवृत्तात आलं नाही. तिथं फक्त एवढंच लिहिलं गेलं की चढाई कमी पडते, सबब बाहेरून अनुभवी खेळाडू आणावा. तणसीचा ढीग अध्यक्षांचा होता, पण त्याचा इथं काही संबंध नाही.

अध्यक्षांनी पुरावाही दिला. "विदर्भानं जाफर आणला, तवाच रणजी भेटली ना जी?"

यावर कोण बोलणार? गोष्ट खरीच आहे. वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडून खेळू लागला तोवर विदर्भानं रणजी करंडक दुरूनच पाहिला होता. 2017-18 मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून तो मिळवला, पुढच्या मोसमात नागपुरात सौराष्ट्राला हरवून टिकवला, आणि त्या दुसऱ्या मोसमात चाळिशीतल्या जाफरनं 1037 धावा कुटल्या. अध्यक्षांचं क्रिकेट इथं संपतं. इंदूरच्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली रजनीश गुरबानीनं, शतक ठोकलं अक्षय वाडकरनं. नागपूरच्या अंतिम सामन्यात 11 बळी आदित्य सरवटेचे. आणि सरावाला दांडी मारायची सोय नव्हती, कारण प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते. हे शेवटचं मी बैठकीत सांगून पाहिलं. पोरांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी लगेच चहा मागवला.

तीच गत करुण नायरची. कर्नाटकातून आला, 2024-25 च्या रणजीत 863 धावा केल्या, अंतिम सामन्यात केरळविरुद्ध शतक काढलं आणि पुढच्या मोसमात परत कर्नाटकात गेला. पाहुण्यानं याहून जास्त काय करावं? पण त्याच मोसमात यश राठोडनं 960 धावा केल्या आणि हर्ष दुबेनं 69 बळी घेऊन रणजीच्या एका मोसमातला विक्रमच मोडला. आमच्या पानठेल्यावर विचारून बघा. नायर सगळ्यांना ठाऊक आहे. राठोड म्हटलं की विचारतात, "कोणत्या गावचा?"

मग गुरुजींनी आपल्या अमेरिकेतल्या पुतण्याचा दाखला दिला. तिकडं फुटबॉल म्हणतात त्यात चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो. आक्रमणाची सगळी सूत्रं क्वार्टरबॅक नावाच्या एका गड्याकडं. चेंडू त्याच्याच हातात येतो आणि तो कुणाकडं फेकायचा हे तोच ठरवतो. टॉम ब्रेडी 42 वर्षांचा असताना टँपा बेच्या संघात गेला आणि पहिल्याच मोसमात, फेब्रुवारी 2021 मध्ये, 31-9 असा अंतिम सामना जिंकून बसला. अध्यक्ष खूश. पण त्या 9 गुणांकडं कुणी बघितलं नाही. समोरच्या कॅन्सस सिटीला एकदाही टचडाउन करू दिलं नाही, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊ दिला नाही, ते बचावफळीनं, म्हणजे आपल्या भाषेत पकडीच्या गड्यांनी. आणि ते आपसात बोलत असावेत. गुरुजींनी दुसरा दाखला मात्र खिशातच ठेवला. न्यूयॉर्क जेट्सनं 39 वर्षांच्या ॲरन रॉजर्सला असाच वाजतगाजत आणला. 11 सप्टेंबर 2023 ला पहिला सामना, आणि चौथ्याच डावपेचाला टाचेचा स्नायुबंध तुटून त्याचा मोसम संपला. एवढ्या वेळात आमच्याकडं पाहुण्यांचा सत्कारसुद्धा उरकत नाही.

असो. ठराव मंजूर झाला आणि भाऊ आले. मानधन, येण्याजाण्याची गाडी, गावठी कोंबडा, आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा मंडळाच्या खर्चानं. कधीकाळी त्यांनी मोठमोठी मैदानं मारली होती आणि ते खोटं नव्हतं. सचिवांनी वहीत हिशेब मांडला: सामना 40 मिनिटांचा, चढाई 30 सेकंदांची, म्हणजे आपल्या वाट्याला 40 चढाया. भाऊंनी त्यातल्या निम्म्या केल्या आणि दरवेळी दोन गुण आणले तरी 40 गुण झाले. बाकीच्या सहा जणांनी काय करायचं, हा रकाना कोराच राहिला.

पहिली चढाई. भाऊंनी मध्यरेषेला हात लावला, कपाळाला लावला, आत गेले, डावीकडं गेले, उजवीकडं गेले, बोनस रेषेपलीकडं एक पाय टाकला, दुसरा अलगद उचलला आणि परत आले. एक गुण. अंगाला माती नाही. म्हातारे खूश झाले, कारण असा पाय टाकणं आता दिसत नाही. आमच्या पोरांना बोनसची चढाई म्हणजे कोपऱ्यावर धडक मारून यायचं एवढंच माहीत होतं, आणि ते तोंड उघडं टाकून बघत होते हे मी स्वतः पाहिलं. "बुढा हाय, पण बोनस घेते ना जी!" मागून कुणीतरी म्हणालं. धानाचा बोनस सरकारकडून यायचा तेव्हा येईल, हा हातोहात मिळत होता.

घात केला आमच्याच एका पोरानं. भाऊ पाणी प्यायला बसले तेवढ्यात तो चढाईला गेला आणि एका दमात समोरचे दोन गडी मारून आला. मैदान डोक्यावर! फक्त आमचा कप्तान कपाळाला हात लावून उभा. समोर आता पाचच उरले, आणि बोनस तर समोर किमान सहा गडी असल्याशिवाय लागत नाही. भाऊ आत गेले, पाय टाकला, बोट वर केलं. पंचांनी मान हलवली. "बोनस बंद केलास ना बे!" कप्तान पोरावर खेकसला. "मारू नको कोणाले. भाऊले खेळू दे."

तिथून पुढं आमच्या आक्रमणाचं धोरण स्पष्ट झालं: समोरचा एकही गडी बाद करायचा नाही. समोरच्यांनीही मोठं सहकार्य केलं. ते भाऊंना धरायला जातच नव्हते, एकेक गुण आदरानं देत होते आणि आपल्या चढाईत आमच्या साखळीतल्या त्या हातभर फटीतून ये-जा करत होते. आमच्यावर दोनदा लोण चढला. सामना गेला, पण भाऊंचा बोनस एकदाच हुकला, आणि मंडळाच्या अहवालात तेवढंच ठळक छापलं आहे.

भाऊंना दोष देऊ नका. ते सामन्यानंतर पोरांना घेऊन तासभर बसले, पाय कसा टाकायचा ते दाखवलं, आणि पकडीतल्या त्या दोघांना विचारलं, "तुमचं काय बिनसलंय?" इतक्या वर्षांत हा प्रश्न गावातल्या कुणाला सुचला नव्हता. पण तो तास अध्यक्षांनी पाहिला नाही. ते गाडीच्या डिझेलचा हिशेब करत होते.

आणि बाहेरचा मोठा माणूस आणायची हौस काय फक्त कबड्डीलाच आहे? वडसा भागातल्या नाटकांची पोस्टरं पाहा. मुंबईचा सिनेस्टार आपला हातभर, आणि ज्याच्या जिवावर रात्रभराचा प्रयोग पहाटेपर्यंत रेटला जातो तो नट बोटभर. परशुराम खुण्यांनी आमच्या या झाडीपट्टीत पाच हजारांवर प्रयोग केले. 2023 ला दिल्लीनं पद्मश्री दिली, तेव्हा आमच्याकडच्या काहींना ते आपल्याच शेजारचे असल्याचा शोध लागला.

पुढच्या मोसमाची बैठक झाली. अनुप कुमार, ज्याच्या कप्तानीत यू मुंबानं 2015 ला प्रो कबड्डी जिंकली, तो 2018 ला जयपूरकडून खेळून त्याच मोसमात निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या संघाचा प्रशिक्षक झाला, ही माहिती कुणीतरी अध्यक्षांना पुरवली. त्यामुळं भाऊ आता प्रशिक्षक, आणि चढाईसाठी त्यांच्याहून अनुभवी कुणी मिळतो का याचा शोध चालू आहे. दोन गडी मारणारा तो पोरगा सध्या नदीपलीकडच्या गावाकडून खेळतो. तिथल्या बॅनरवर त्याचा फोटो मधोमध आहे आणि खाली छापलंय: अनुभवी चढाईपटू. वय वर्षे 19.