पूर्वेची बाजू

उपनगरांत पत्ता सांगताना 'वेस्ट' या शब्दावर आवाज आपोआप चढतो आणि 'ईस्ट'नंतर लगेच 'पण स्टेशनपासून जवळ' असा खुलासा येतो. चौरस फुटाच्या दरावर पोसलेला हा उच्चनीचभाव एकदा गणितावर घासून बघायला हवा. पुराव्याला प्रत्येकाच्या दारी चार लाखांच्या घरातला एक पूर्णांक आहेच: पिनकोड. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून तो 15 ऑगस्ट 1972 रोजी आला. कस लावायला देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आहेत. डोंबिवली स्थानकावरून 'डेम्लो' संख्यांना नाव देणाऱ्या या गणितज्ञाला पिनकोडांचे वावडे असण्याचे कारण नाही. अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी 'हर्षद' म्हटले. मुलुंड पश्चिम 400080. बेरीज 12, भागाकार 33340, बाकी शून्य. मुलुंड पूर्व 400081. बेरीज 13, बाकी 6. घाटकोपरात तर चुरस आहे. पश्चिमेच्या 400086 ची आणि पूर्वेच्या 400077 ची बेरीज 18च, पण पूर्व पडली विषम, तिथे 9 उरतात. बोरिवलीच्या 400092 आणि 400066 या दोन्ही बाजू नापास. त्यांनी नॅशनल पार्कवर समाधान मानावे. एकूण पश्चिमेचे नाक वरच.

पण हर्षदपणा ही दहाच्या पायाची मेहेरबानी आहे. बाराच्या पायावर लिहिले की मुलुंड पश्चिमेची बेरीज 21 होते, भाग जात नाही आणि हर्ष संपतो. मूळ संख्येचे तसे नसते. कोणत्याही पायावर मांडा, ती मूळच राहते. आता अंधेरी बघा. पश्चिमेचा 400058 सरळ सम, दोनाने दुभंगणारा. पूर्वेचा 400069 मात्र 2 पासून 631 पर्यंतच्या 115 मूळ संख्यांपैकी एकीलाही दाद देत नाही. (मरोळ-चकाल्याचे पिन वेगळे; त्यांनी यात वाटा मागू नये.) कुणी म्हणेल, पिनकोड म्हणजे नुसती पाटी, तिचे कसले गुणधर्म? वेलणकरांनी काही अवयव पाडून अंक वाटले नव्हते. कबूल. म्हणूनच तर हा मान वशिल्याचा नाही. आणि चौरस फुटाचा दर तरी पाटी वाचूनच ठरतो की! दुसरा आक्षेप वजनदार आहे: मूळ असून उपयोग काय, भाडे कमी होते का? होत नाही. पण पश्चिमेचे तरी कुठे कमी आहे?

शिवाय अंधेरी पूर्व एकटी नाही. कांदिवली पश्चिमेचा 400067 हाही मूळ, म्हणजे ही जोडमूळ संख्यांची जोडी. मध्ये 400068, दहिसर पूर्व, आणि तो चक्क हर्षद. कांदिवलीहून अंधेरीला जाताना वाटेत दहिसर लागते, हा भूगोल रेल्वेच्या नकाशात बसत नाही; पण सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट्या दिशेने बोरिवली गाठणाऱ्या कांदिवलीकराला त्यात काही वावगे दिसणार नाही.